चित्रातील माणूस आणि वंशाचे कोष्टक

नुंगंबाक्कममधील एक रस्ता

चेन्नई शहराच्या नुंगंबाक्कम या भागात कॉलेज रोड नावाचा एक रस्ता आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी १८१२ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजाची आठवण त्या नावात टिकून राहिली आहे. त्याच वर्षी निघालेल्या मद्रास लिटररी सोसायटीचे जुने ग्रंथालयही या रस्त्यावरच आहे. या सोसायटीने सुमारे ११०० भूशास्त्रीय नमुने सरकारच्या स्वाधीन केले आणि १८५१ साली कॉलेजाच्या माडीवर मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा प्रारंभ झाला. डॉ. एडवर्ड बाल्फोर हे त्याचे पहिले प्रमुख होत. जागा अपुरी पडू लागल्यामुळे १८५४ च्या डिसेंबरात हा संग्रह जवळच असलेल्या एग्मोर भागातील पँथिऑन या इमारतीत हलविण्यात आला. तेथे तो आजही नांदत आहे.

अशा रीतीने एका लहानशा परिसरात दोन प्रकारच्या वर्गीकरणांचा पाया घातला गेला. कॉलेजात भाषांचे गट पाडले गेले, तर माडीवर दगडांचे व खनिजांचे. पुढे याच संग्रहालयातून माणसांचेही वर्गीकरण होऊ लागले. अभ्रकाचा तुकडा आणि माणूस या दोहोंना एकाच पद्धतीने कप्प्यांत बसविता येईल काय, हा या पुस्तिकेचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम चित्रकलेकडे वळावे लागते. कारण मोजपट्टी हाती येण्यापूर्वी माणसांची वर्गवारी कुंचल्याने झाली होती.

वर्गीकरण केव्हा उपयुक्त ठरते?

वर्गीकरण हे शास्त्राचे आद्य साधन आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७३५ साली वनस्पती, प्राणी व खनिजे यांची जी मांडणी प्रसिद्ध केली तीत त्याने मानवाचेही खंडानुसार व वर्णानुसार चार भाग कल्पिले. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख याने पुढे ही संख्या पाचांवर नेली. मात्र एक प्रकार दुसऱ्यात नकळत मिसळत जातो आणि त्यांच्यामध्ये निश्चित रेषा ओढता येत नाही, ही गोष्ट ब्लूमेनबाखने स्वतःच मान्य केली होती. त्याच्या मागून आलेल्यांनी पाच नावे तेवढी उचलली आणि ही सावधगिरीची सूचना मागे टाकली.

कोणतेही वर्गीकरण उपयुक्त ठरण्यासाठी दोन अटी पाळल्या जाणे आवश्यक असते. पहिली, वर्गांच्या सीमा निसर्गातच असाव्यात. वर्गीकरण करणाऱ्याच्या सोयीसाठी त्या आखलेल्या नसाव्यात. दुसरी, एक लक्षण कळले असता इतर लक्षणांचे अनुमान करता यावे. स्फटिकाचा आकार कळला की त्याच्या घटनेविषयी बरेच सांगता येते, म्हणून खनिजांचे वर्गीकरण सार्थ होते. माणसाच्या बाबतीत या दोन अटी कितपत पुऱ्या होतात, हे पुढील विवेचनात पाहावयाचे आहे.

कोष्टकातील कुटुंबे

चित्रांच्या द्वारे वंशाचे कोष्टक मांडण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न अठराव्या शतकात स्पेनच्या अमलाखालील मेक्सिकोत झाला. तेथे स्पॅनिश, मूळचे अमेरिकन रहिवासी आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक यांच्यात संकर होऊन मिश्र समाज निर्माण झाला होता. त्या समाजाचे चित्रण करणारे बहुधा सोळा चित्रांचे संच तयार होत. प्रत्येक चित्रात पिता, माता व अपत्य अशी तीन माणसे आणि खाली मजकूर असे. स्पॅनिश पुरुष व मूळ रहिवासी स्त्री यांचे अपत्य मेस्तिसो. मेस्तिसो व स्पॅनिश यांचे अपत्य कास्तिसो. कास्तिसो व स्पॅनिश यांचे अपत्य पुन्हा स्पॅनिश, असा तो हिशेब होता. मिगेल काब्रेरा या नामवंत चित्रकाराचा १७६३ चा संच प्रसिद्ध आहे. पेरूचा व्हाइसरॉय आमात याने १७७० साली वीस चित्रांचा असाच एक संच माद्रिदला धाडला. तो ज्या संग्रहासाठी धाडला गेला त्याचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो राजाचा निसर्गेतिहास संग्रह होता. माणसांची ही चित्रे शंखशिंपले व खनिजे यांच्या पंक्तीस बसविण्यात आली.

या चित्रांत स्पॅनिश रक्ताचा अंश जसजसा घटतो तसतशी वस्त्रे जीर्ण होतात, घर साधे होते आणि कित्येक संचांत पतिपत्नींचे भांडणही दाखविलेले दिसते. याचा अर्थ असा की, चित्रकाराने केवळ वर्ण रंगविला नाही. वर्णाबरोबर स्वभाव व दर्जा हेही जन्मजात असतात, असे प्रतिपादन त्याने रंगांतून केले. वस्तुतः मेक्सिकोतील लोक व्यवसाय, संपत्ती व ओळखीपाळखी यांच्या जोरावर एका नावातून दुसऱ्या नावात सहज जात असत. समाज जितका प्रवाही, तितके चित्रातील कोष्टक कठोर होते.

तंजावरचे जोडपे

हिंदुस्थानात याच सुमारास निराळ्या धर्तीची चित्रे निर्माण होत होती. कंपनीच्या अधिकाऱ्यांना या देशातील जाती, धंदे व पोशाख यांची चित्रे संग्रही ठेवण्याची आवड होती. बाल्टाझार सोल्व्हिन्स या फ्लेमिश चित्रकाराने कलकत्त्यास १७९० नंतरच्या दशकात अशी २५० चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली आणि त्यांत जातींची मांडणी उच्चनीच क्रमाने केली. दक्षिणेत या कलेचे मुख्य केंद्र तंजावर हे होते.

तंजावरचा मराठी वाचकांशी जवळचा संबंध आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तथापि १८३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी विद्या व कला यांना उदार आश्रय दिला. दरबारासाठी काम करणाऱ्या तेथील चित्रकारांच्या घराण्यांनी इंग्रज गिऱ्हाइकांसाठीही विलायती कागदावर जलरंगात चित्रसंच काढले. त्यांचा साचा ठरलेला असे. एक पुरुष व एक स्त्री समोरासमोर किंवा शेजारी उभी. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी. हातात धंद्याचे उपकरण. आणि वर किंवा खाली जातीचे नाव. विणकराच्या हाती सूत, कुंभाराजवळ मडकी, शिपायाजवळ तलवार. लंडनमधील संग्रहालयांतून असे संच आजही पाहावयास मिळतात.

या चित्रांतील कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. लुगडे नेसण्याची तऱ्हा, दागिन्यांची घडण, अवजारांचे आकार यांविषयी त्यांतून मिळणारी माहिती अन्यत्र दुर्मिळ आहे. परंतु त्यांत एक गोष्ट आढळत नाही, ती म्हणजे माणसाचे नाव. चित्रातील विणकर हा अमुक गावचा अमुक विणकर नव्हे. तो 'विणकर' आहे. त्याचे शेजारी, त्याचे घर, त्याच्या गावातील बाजार हे सर्व पुसून टाकून त्याला कोऱ्या कागदावर उभे केले आहे. टाचणीने टोचून ठेवलेल्या फुलपाखराभोवती बाग नसते, तसेच हे झाले.

अभ्रकावर काढलेल्या चित्रांच्या काही संचांवरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. त्रिचनापल्ली हे अशा चित्रांचे एक प्रसिद्ध ठिकाण होते. या प्रकारच्या संचांत एका जाड कागदावर फक्त चेहरा रंगविलेला असे. सोबत अभ्रकाचे पारदर्शक पत्रे असत. त्यांवर निरनिराळे पोशाख रंगवून चेहऱ्याची जागा मोकळी ठेविलेली असे. एकेक पत्रा चेहऱ्यावर ठेवीत गेले की तोच चेहरा क्षणात पुजारी, क्षणात शिपाई, क्षणात पाणक्या दिसू लागे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा एक खेळ होता. परंतु त्यातून जे सत्य नकळत प्रकट झाले ते मोठमोठ्या ग्रंथांतून अनेक वर्षे निसटत राहिले: पाहणाऱ्याला जो भेद दिसतो त्यातील पुष्कळसा भाग वस्त्राचा असतो, शरीराचा नव्हे.

कुंचल्याकडून मापयंत्राकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छायाचित्रणकला आली आणि चित्रकाराचा साचा छायाचित्रकाराने उचलला. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातही व्यक्तीच्या नावापेक्षा जमातीचे नाव महत्त्वाचे होते. १८६९ च्या सुमारास इंग्लंडात जॉन लॅम्प्रे याने दोन दोन इंचांवर रेशमी दोरे ताणलेली चौकट माणसामागे ठेवून छायाचित्र घेण्याची पद्धत सुचविली. फ्रान्समध्ये ब्रोका याने कातडीचा रंग ठरविण्यासाठी रंगांच्या ठिपक्यांचा क्रमांकित तक्ता केला. पुढे फोन लुशान या शास्त्रज्ञाने ३६ रंगांच्या काचतुकड्यांची पट्टी वापरात आणली. चित्रकाराच्या रंगपाटीस आता क्रमांक मिळाले होते. तथापि उजेड बदलला, ऋतू बदलला किंवा पाहणारा बदलला की त्याच कातडीचा क्रमांक बदलत असे.

मद्रासच्या संग्रहालयात हे शास्त्र एडगर थर्स्टन यांनी आणले. ते १८८५ ते १९०८ पर्यंत तेथील अधीक्षक होते. १९०१ नंतरच्या सरकारी मानवजाति-पाहणीचे मद्रास इलाख्यातील काम त्यांच्याकडे आले आणि के. रंगाचारी यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ साली बाहेर पडला. डोके मोजण्याचे कंपास, मूठ आवळण्याची ताकद पाहण्याचे यंत्र, छायाचित्रणाची पेटी व ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ते गावोगाव हिंडले. वायनाडच्या पणियन जमातीतील स्त्रिया त्यांना पाहताच पळून गेल्या. आपल्यापैकी उत्तमोत्तम स्त्रियांना पेंढा भरून संग्रहालयात ठेवण्यासाठी हा साहेब आला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ही हकीकत थर्स्टन यांनीच गमतीने नोंदविली आहे. त्यांना जी अडाणीपणाची गंमत वाटली, तीत त्या स्त्रियांचे शहाणपणही होते. माणसाचा नमुना होणे म्हणजे काय, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

नासिकांकाचे गणित

त्या काळी दोन मापांवर विशेष भर असे. डोक्याच्या रुंदीस लांबीने भागून शंभराने गुणले म्हणजे शीर्षांक मिळतो. नाकाच्या रुंदीस उंचीने भागून शंभराने गुणले म्हणजे नासिकांक मिळतो. उदाहरणार्थ, नाकाची उंची ४८ मिलिमीटर व रुंदी ३६ मिलिमीटर असल्यास नासिकांक ७५ येतो. ७० च्या खाली असलेल्यास तनुनास, ७० ते ८५ पर्यंत मध्यनास व त्यावरील अंकास पृथुनास म्हणत. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी असे मत मांडले की, नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खालचा.

या मतात तीन दोष आहेत. पहिला दोष सरासरीचा. एका शाळेतील दोन वर्गांच्या मुलांची उंची मोजली तर दोन सरासऱ्या बहुधा सारख्या येणार नाहीत. एका वर्गाची सरासरी १४० सेंटिमीटर व दुसऱ्याची १४२ आली, तरी १४१ सेंटिमीटर उंचीचा मुलगा कोणत्या वर्गातील, हे उंचीवरून सांगता येत नाही. कारण प्रत्येक वर्गात १३० चेही मुलगे आहेत व १५० चेही आहेत. नासिकांकाचेही तसेच आहे. जातींच्या सरासऱ्यांत फरक दिसला तरी एकाच जातीतील व्यक्तींमधील फरक त्याहून पुष्कळ मोठा असतो.

दुसरा दोष कारणाचा. नाकातून जाणारी हवा फुप्फुसात शिरण्यापूर्वी उबदार व दमट व्हावी लागते. थंड व कोरड्या प्रदेशांत अरुंद नाक या कामी अधिक उपयुक्त पडते, तर उष्ण व दमट प्रदेशांत रुंद नाकाचे प्रमाण अधिक आढळते. तेव्हा नाकाची रुंदी ही काही अंशी पूर्वजांच्या हवामानाची नोंद आहे, कुलीनतेची नव्हे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर होय. जातींची उच्चनीच उतरंड मोजमापापूर्वीच ठरलेली होती आणि मापांना त्या उतरंडीचा पुरावा म्हणून उभे करण्यात आले. तंजावरच्या चित्रकाराने जातीचे नाव लिहून मग माणूस रंगविला. रिस्ली यांनी जातीचे नाव लिहून मग माणूस मोजला. पद्धत बदलली, क्रम बदलला नाही.

याचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. थर्स्टन यांनी मद्रासच्या पोलिसांना शरीरमापनाचे धडे दिले. सैन्यभरतीत काही जातींना 'लढवय्ये वंश' ठरवून इतरांना दूर ठेवण्यात आले. १८७१ साली कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मद्रास इलाख्यापर्यंत पोहोचला. महाराष्ट्रात सोलापूरच्या वसाहतीत अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेविली गेली. हा कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. चित्रांमुळे कायदा झाला, असे म्हणता येणार नाही. परंतु माणसाचे नाव पुसून जमातीचे नाव लिहिण्याची सवय दोहोंच्या मुळाशी होती.

भाषेचे कूळ व माणसाचे कूळ

नुंगंबाक्कमच्या कॉलेजाशी निगडित असलेला एक शोध येथे स्मरणीय आहे. एफ. डब्ल्यू. एलिस यांनी पट्टाभिराम शास्त्री यांच्यासारख्या तेथील पंडितांच्या अभ्यासाचा आधार घेऊन १८१६ साली असे दाखविले की, तमिळ, तेलुगू, कन्नड इत्यादी भाषा संस्कृतापासून निघालेल्या नसून त्यांचे स्वतंत्र कूळ आहे. १८५६ मध्ये कॉल्डवेल यांनी या भाषांचे तौलनिक व्याकरण रचून द्राविड हे नाव रूढ केले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा सिद्धांत भक्कम ठरला. पुढे मात्र मानवशास्त्रज्ञांनी भाषाकुळाचे नाव उचलून शरीरास चिकटविले. द्राविड नाक व आर्य कवटी असे शब्दप्रयोग होऊ लागले. आर्य हा शब्द भाषेचा वाचक आहे, रक्ताचा नव्हे, असा इशारा माक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये दिला होता.

भाषा शिकली जाते. ती जन्माबरोबर शरीरात येत नाही. तंजावरचे मराठी भाषिक तीनशेहून अधिक वर्षे तमिळ प्रदेशात राहिले. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळले आणि त्यांच्या मुलांच्या तोंडी दोन्ही भाषा आल्या. त्यांची कवटी मोजून ही हकीकत कोणास कळली नसती.

मराठी अभ्यासकांची चिकित्सा

रिस्ली यांच्या मताची कसून तपासणी करणाऱ्यांत महाराष्ट्रातील अभ्यासक अग्रभागी होते. मालवण येथे जन्मलेले डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नासिकांकाचे आकडे प्रांतवार तपासले. उत्तरेच्या मर्यादित भागात रिस्ली यांचा नियम लागू पडल्यासारखा दिसला तरी मुंबई व मद्रास इलाख्यांत तो लागू पडत नाही, असे त्यांना आढळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यतेच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या आपल्या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेले आकडेच पुढे ठेवून दाखविले की, ब्राह्मण व अस्पृश्य हे निरनिराळ्या वंशांचे आहेत, या समजुतीस मापांचा आधार मिळत नाही. ज्या आकड्यांवर उतरंड उभी केली होती, त्याच आकड्यांनी ती खाली आणली.

डॉ. इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून विलक्षण आहे. १९२७ साली त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास केला. युरोपियनांच्या कवटीची ठेवण इतर वंशांहून निराळी असते, या गृहीतास पुष्टी मिळावी अशी अपेक्षा होती. कर्वे यांना मोजमापांत तसा काही संबंध आढळला नाही आणि त्यांनी तो नाही असेच लिहिले. पुढे त्यांनी महाराष्ट्रातील जातींची मापे घेतली; त्यांवरून एका नावाखाली येणारे अनेक पोटगट परस्परांहून निराळे असू शकतात, असे त्यांना दिसून आले. चित्रातील एका नावाचे एक जोडपे हे किती फसवे असते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

आजचे ज्ञान

आनुवंशिकीच्या प्रगतीमुळे हा प्रश्न आता अधिक खोलवर तपासता येतो. रिचर्ड लुवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखविले की, मानवजातीतील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच आढळते. तथाकथित वंशांमधील भेदाचा वाटा अल्प आहे. कातडीचा रंग काही जनुकांवर व सूर्यप्रकाशाच्या दीर्घकालीन परिणामावर अवलंबून असल्याने त्यावरून इतर गुणांचे अनुमान करता येत नाही. भारतातील बहुतेक सर्व समूहांत प्राचीन काळच्या निरनिराळ्या लोकांचा वारसा कमीअधिक प्रमाणात मिसळलेला आहे. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात हे मिश्रण मोठ्या प्रमाणावर झाले व नंतर गटांतर्गत विवाहाची चाल दृढ झाली, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे अनुमान आहे. समूहांच्या इतिहासाच्या खुणा जनुकांत आहेत. परंतु स्पष्ट सीमा असलेले कप्पे नाहीत. आरंभी सांगितलेल्या दोन्ही अटी माणसाच्या बाबतीत पुऱ्या होत नाहीत.

दुसऱ्या प्रकारचे चित्र

मग माणसाचे चित्र शास्त्राच्या उपयोगी पडतच नाही काय? तंजावरनेच याचे उत्तर देऊन ठेविले आहे. सरफोजी राजांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रचिकित्सेची आवड होती. त्यांच्या पदरी तपासलेल्या नेत्ररोग्यांची टिपणे व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे जतन झाली आहेत. नुंगंबाक्कममध्ये, त्याच कॉलेज रोडवर, १९७८ साली स्थापन झालेल्या शंकर नेत्रालयातील वैद्यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. या चित्रांत डोळा एका विशिष्ट रोग्याचा आहे. त्यातील दोष त्याचा स्वतःचा आहे. आणि चित्र काढण्याचा हेतू त्या रोग्यास दृष्टी यावी हा आहे.

एकाच नगरात, एकाच काळी आणि तशाच रंगांनी दोन प्रकारची चित्रे निघाली. एकात माणसाचे नाव पुसून जातीचे नाव लिहिले गेले. दुसऱ्यात एका माणसाच्या दुखण्याकडे बारकाईने पाहिले गेले. अचूकता दोहोंतही आहे. पहिल्या प्रकारची चित्रे आज नष्ट करण्याचे कारण नाही, कारण वस्त्रे, अवजारे व धंदे यांच्या इतिहासास ती मोलाची आहेत. मात्र ती पाहताना चित्रात काय आहे याबरोबरच चित्र कोणी मागविले, खाली नाव कोणी लिहिले आणि कोणते नाव लिहिले गेले नाही, हेही विचारले पाहिजे. शास्त्रीय दृष्टी म्हणून जी म्हणतात ती अशा विचारण्यातच सुरू होते.